मूषक नियंत्रणाचा ठेकेदार नेमताना झोन कार्यालयाने काय पाहावे

उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताचे काम ठेक्याने द्यायचे ठरले की नागपूर महापालिकेच्या झोन कार्यालयाने सर्वांत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे ठेकेदाराला पैसे नेमके कशाचे द्यायचे. मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचे कागदोपत्री दिसत असल्याचा मुद्दा मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत उपस्थित केला होता, आणि हा आकडा उंदरांचा नसून टाकलेल्या गोळ्यांचा आहे असा खुलासा त्यावर करण्यात आला. खुलासा जसाच्या तसा मान्य केला तरी अडचण सुटत नाही, कारण गोळ्या मोजल्या की गोळ्या वाढतात आणि मेलेले उंदीर मोजले की मेलेले उंदीर कुठून तरी येतात. म्हणून मोजायचे ते जिवंत बीळ, म्हणजे ज्यात आज उंदीर किंवा घूस राहते आहे असे बीळ.

हे मोजमाप निविदा काढण्याच्या आधी, झोन कार्यालयाच्या स्वतःच्या माणसांनी करावे. गांधीबाग किंवा सतरंजीपुरा झोनमधल्या धान्याच्या दुकानांमागील गल्लीत स्वच्छता निरीक्षक आणि त्या बीटचा (सफाईसाठी आखलेल्या भागाचा) जमादार, म्हणजे सफाई कामगारांचा मुकादम, यांना घेऊन संध्याकाळी फिरावे, दिसेल त्या प्रत्येक बिळाच्या तोंडात चुरगळलेल्या कागदाचा बोळा कोंबून वर माती दाबावी आणि शेजारच्या भिंतीवर खडूने क्रमांक टाकावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या बिळांचे बोळे बाहेर ढकललेले आढळतील तेवढी बिळे जिवंत धरावीत. पावसाच्या रात्री हा खटाटोप करू नये. फिरताना तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला तर ते बहुधा घुशीचे बीळ असते. महालातल्या जुन्या कौलारू वाड्यांत मात्र बिळे सापडत नाहीत, तिथे काळा उंदीर आढ्याला आणि तुळयांवर राहतो आणि त्याच्या ये-जा करण्याच्या वाटेवर भिंतीला तेलकट काळपट पट्टा उमटलेला असतो. या दोन ठिकाणांची कामे वेगळी असल्यामुळे दरपत्रकातही ती वेगवेगळ्या बाबी म्हणून दाखवावीत. सरसकट एकच दर मागवला की ठेकेदार सोपी बिळे बुजवतो आणि वाडे तसेच राहतात.

निविदा महाटेंडर या राज्य शासनाच्या ई-निविदा पोर्टलवर दोन लिफाफा पद्धतीने निघते, म्हणजे पात्रतेची कागदपत्रे एका लिफाफ्यात आणि दर दुसऱ्यात असतो, त्यामुळे खरी निवड तांत्रिक लिफाफ्यातच व्हायला हवी. कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार व्यावसायिक कीड नियंत्रणासाठी लागणारा परवाना चालू मुदतीचा आहे का आणि तो निविदा भरणाऱ्या संस्थेच्याच नावावर आहे का, हे मूळ प्रतीवर पाहावे. या परवान्यामागे म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील संस्थेत प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती असते. ती प्रत्यक्ष कामावर येणार आहे की केवळ कागदावर आहे, हे समजून घेण्यासाठी तिला बोलावून दहा मिनिटे बोलावे. ब्रोमाडायोलोन या उंदीरनाशकाचे आमिष खाल्लेला उंदीर किती दिवसांनी मरतो, एवढा एक प्रश्नदेखील पुष्कळ सांगून जातो. अनुभवाचे दाखले नुसते जोडून घेऊ नयेत, सही करणाऱ्या अधिकाऱ्याला दूरध्वनी करावा.

सर्वांत कमी दर आला म्हणून हात बांधले जातात, ही समजूत अर्धवट आहे. दर फारच खाली असेल तर दर पृथक्करण, म्हणजे दर कशाकशाचा मिळून झाला याचा तपशील, मागवावे, त्यात औषधाची किंमत आणि किमान वेतनाने होणारी मजुरी मांडून पाहावी. ही बेरीजच त्या दराच्या वर जात असेल, तर तूट औषधातून तरी भरून निघणार किंवा मजुरांच्या पगारातून तरी.

औषधाच्या बाबतीत कराराची भाषा काटेकोर असावी. झिंक फॉस्फाइडने उंदीर लवकर मरतो, परंतु त्याची चव घेऊन वाचलेला उंदीर पुढे त्या आमिषाला तोंड लावत नाही. ०.००५ टक्के ब्रोमाडायोलोनच्या वड्या काही दिवसांनी काम करतात आणि म्हणूनच उंदराला संशय येत नाही. त्या कुत्र्या-मांजरांच्या व मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून बंद आमिषपेटीतच ठेवाव्यात. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून ओलाव्याने फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. त्यांचा वापर निर्बंधित आहे, स्वतंत्र मंजुरीशिवाय तो कोणालाही करू देऊ नये, आणि घराच्या, दवाखान्याच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीलगतच्या बिळात तर मंजुरी असली तरी करू देऊ नये. माझ्या मते वस्तीतल्या कामाच्या करारातून या गोळ्या पूर्णपणे वगळाव्यात. चिकट सापळेही वगळावेत; भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचा त्यांना विरोध आहे. वापरलेल्या औषधाची रिकामी वेष्टने बॅच क्रमांकासह झोन कार्यालयात जमा करून घेतली की पुढचे बरेच वाद टळतात. मेलेले उंदीर रोज उचलून खोल पुरण्याची जबाबदारी ठेकेदाराचीच असावी, नाहीतर दुर्गंधीच्या तक्रारी जमादाराच्या माथी येतात.

नागपुरात जूनच्या मध्यास पाऊस सुरू होतो आणि नाल्याकाठची बिळे पाण्याने भरली की घुशी घरांकडे वळतात. त्यापूर्वी किमान दोन फेऱ्या व्हायच्या असतील तर मार्चअखेर कार्यादेश हातात हवा, आणि मंजुऱ्यांचा वेग लक्षात घेता सर्वेक्षण डिसेंबरमध्येच उरकलेले बरे. काम सुरू करण्याच्या दिवशी फेरमोजणी करावी. उंदराच्या मादीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा असल्याने एका फेरीचा ठेका देणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. करार वर्षभराचा असावा.

देयक काढताना ठेकेदाराचा माणूस, स्वच्छता निरीक्षक आणि दुसऱ्या झोनमधला एक कर्मचारी अशा तिघांनी तीच बोळ्यांची मोजणी पुन्हा करून मोजमाप पुस्तकात सह्या कराव्यात, आणि जिवंत बिळे किती टक्के घटली त्या प्रमाणात रक्कम द्यावी. कचरा उचलला जात नसल्याने उंदीर परत येतात, असे ठेकेदार सांगेल आणि पुष्कळदा ते खरेच असेल. यासाठी करारात एक कलम घालावे: अशी जागा त्याने लेखी कळवायची, झोनने ठरलेल्या दिवसांत ती साफ करायची, आणि झोनने ती साफ केली नाही तर तेवढ्या जागेची कपात करायची नाही. सुरक्षा ठेवीची परतफेड मात्र काम संपल्यानंतर तीन महिन्यांनी होणाऱ्या मोजणीला जोडावी, आणि त्या वेळी क्रमांक टाकलेल्या बिळांचा नकाशा व नोंदवही झोन कार्यालयाच्या ताब्यात आल्याशिवाय ती सोडू नये.