नवशिक्यांना टँगो शिकवताना आधी चालणे
ब्युनोस आयर्सच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या नृत्यसभांमध्ये, नाचला जाणारा टँगो शिकवताना पहिल्याच तासाला ८ पावलांचा ठरलेला क्रम पाठ करून घेऊ नये, कारण मग नवशिका जोडीदाराकडे लक्ष देण्याऐवजी पावले मोजत राहतो. कार्लोस दी सार्ली यांच्या वाद्यवृंदाची संथ, ठळक ठेक्याची ध्वनिमुद्रणे लावून प्रथम एकट्याने चालायला सांगावे आणि प्रत्येक पावलाला शरीराचा संपूर्ण भार एकाच पायावर येतो ना, हे तपासावे. मिठी, म्हणजे नाचताना जोडीदाराला धरण्याची पद्धत, त्यानंतर शिकवावी. दिशा हातांनी ढकलून नव्हे, तर छातीच्या हालचालीतून सुचवायची असते. हे उमगण्यासाठी दिशा सुचवणारा आणि त्यामागे जाणारा या भूमिकांची अदलाबदल करण्याइतका चांगला उपाय मला दुसरा दिसत नाही. सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने सरकत असल्याने गर्दीत जागीच थांबून भार बदलणेही लवकर शिकवावे.