मे महिन्यात हरिश्चंद्रगडावर मुक्काम

उन्हाळ्यात गडावर राहायचं तर आधी पाण्याचा हिशेब करा. मी माणशी ४ लिटर घेऊनच पायथ्याच्या पाचनई गावातून निघते. सॅक जड होते, होऊ दे. एका वर्षी कमी पाण्यावर भागवायला गेले आणि चढावरच भाचीला चक्कर आली. तेव्हापासून यात तडजोड नाही. वर टाकी आहेत, पण मेमध्ये पाणी खाली जातं. ते फडक्यातून गाळून, उकळूनच प्या. त्यासाठी छोटा गॅस न्या. चूल मात्र पेटवू नका. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

वाट पाचनईचीच धरा, साधारण अडीच-तीन तासांची. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आणि उन्हाची, ती थंडीसाठी ठेवा. नळीची वाट म्हणजे घळीतला अवघड चढ, ती माहितगार आणि दोर यांच्याशिवाय नकोच. उजाडताना चालायला लागलात की ऊन तापायच्या आत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचता. दुपार सावलीत काढा, कोकणकड्यावर चारनंतर जा. कडा पश्चिमेला आहे, सूर्यास्त अगदी समोर दिसतो. काठावर उभं राहू नका, पालथं पडूनच डोकवा.

खाण्यात दुधातल्या दशम्या, गूळ-शेंगदाणे, कांदा. शिवाय मीठ-साखर, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि विजेरी. गावात आधी सांगून ठेवलंत तर वर पिठलं-भाकरीही मिळते.

मेअखेरीस वळवाचे ढग गडगडू लागले तर तारामतीचं शिखर सोडून द्या आणि तंबू कड्यापासून लांब हलवा. उतरताना जाळीतली करवंदं खायला अर्धा तास राखून ठेवा.