टाइल्सवाल्याची नोटीस आणि शेवटचा चेक

कॅलिफोर्नियात घराचं किचन नव्यानं करून घेतलं. काम छान झालं. शेवटच्या हप्त्याच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरने ‘सगळे पैसे मिळाले, कुणाचं काही देणं नाही’ असं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून आणलं. पण टाइल्स पुरवणाऱ्या दुकानाची प्रिलिमिनरी नोटीस (‘या कामाला माल आम्ही दिलाय, पैसे थकले तर घरावर हक्क सांगू शकतो’ अशी आगाऊ सूचना) आधीच माझ्या घरी आली होती. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने दुकानदाराचे पैसे बुडवले, तर दुकानदार माझ्या घरावर लिएन (थकलेल्या पैशांसाठीचा कायदेशीर बोजा) लावू शकत होता, मी कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिलेले असले तरी!

इथे लिएन वेव्हरचा, म्हणजे लिएनचा हक्क सोडल्याच्या कागदाचा, नमुना कायद्यानेच ठरवून दिलाय. सिव्हिल कोडच्या कलम 8132 ते 8138 मध्ये असे चार फॉर्म आहेत: हप्त्याचा नि अंतिम, आणि प्रत्येकात सशर्त (पैसे खरंच मिळाले तरच हक्क सुटतो) व बिनशर्त (सही होताच सुटतो). लेटरहेडवरची ती चिठ्ठी कॉन्ट्रॅक्टरपुरती पावती म्हणून ठीक, पण दुकानदाराचा हक्क तिने सुटत नाही.

मग कॉन्ट्रॅक्टर आणि दुकान, दोघांकडून 8136 चा सशर्त अंतिम फॉर्म सही करून घेतला. त्यात चेक कोणाचा, कितीचा, कोणाच्या नावे, हे रकाने असतात; ते रिकामे सोडू देऊ नका. दुकानाच्या बाकीचा चेक दोघांच्या नावे काढला. कॉन्ट्रॅक्टर जरा कुरकुरला, साहजिकच होतं. चेक वटल्यावर 8138 चे बिनशर्त फॉर्म घेतले. ते आधी मागणं बरोबर नाही, कारण पैसे मिळाले नसले तरी त्या सहीने समोरच्याचा हक्क जातो.

टेक्सासचे फॉर्म वेगळे आहेत, तिथे हे चालणार नाहीत.