धानाच्या गोदामातलं डीप पर्पल

या पावसाळ्यात ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागातल्या चार पोरांनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली, "भाऊ, आमाले बी असा बँड काढाचा हाये, सुरुवात कुठून करू?" फोनवर तुटक तुटक सांगितलं ते इथे सलग लिहून ठेवतो. मी डीप पर्पल या इंग्लिश रॉक ग्रुपची गाणी वाजवणाऱ्या ट्रिब्यूट बँडमध्ये सात वर्षं ऑर्गन वाजवतो आहे. त्याआधी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत वाजवायचो, आजही वाजवतो. दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या रात्र-रात्र धावत असतात. त्या दिवसांत बँडचा सराव आठवड्यातून एकदाच होतो.

एक फरक आधी लक्षात घ्या. कव्हर बँड कोणाचीही गाजलेली गाणी वाजवतो. ट्रिब्यूट बँड एकाच ग्रुपला धरून राहतो, आणि ते ऐकायला नागपूरहून जो माणूस येतो त्याला त्या गाण्यातली जागा न् जागा पाठ असते. म्हणून ग्रुप निवडताना 'कोणता मोठा' हे पाहू नका. तुमच्या हाताला आधीपासून काय येतं ते पाहा. मी डीप पर्पल धरलं ते त्यांच्या ऑर्गनवाल्यामुळे, जॉन लॉर्डमुळे. या माणसानं हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारी मोठी पेटी, नेहमीच्या लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरवर न थांबता गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवला आणि ऑर्गनला गिटारच्या बरोबरीनं पुढे उभं केलं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझ्या मास्तरांची पायपेटी आठवली. नाटकात लावणी रंगात आली की ते भाता असा दाबायचे, की पेटी ओरडायला लागायची.

पेटी वाजवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम खुलासेवार लिहितो, कारण आपल्याकडे पियानो शिकलेला मुलगा शोधून सापडत नाही आणि पेटीवाला गावोगावी भजनी मंडळात असतो. हॅमंडची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही. पेटीचंही तसंच. आवाज लहान-मोठा करायचा तो हॅमंडवर पायाखालच्या पेडलनं आणि पेटीवर भात्यानं. बोट उचललं की सूर तिथेच संपतो, पियानोसारखा पेडल दाबून रेंगाळत ठेवता येत नाही. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये फट पडू न देणं, हे जे पेटीवाल्याच्या बोटांत मुरलेलं असतं, ते पियानोवाल्याला नव्यानं शिकावं लागतं. आपली कच्ची बाजू डावा हात. तो जन्मभर भाता हलवत आलेला असतो. मी सहा महिने रोज अर्धा तास फक्त डाव्या हातानं सा-प, सा-म धरायचो आणि उजव्या हातानं भजनाच्या चाली वाजवायचो. तुम्हीही तेच करा, दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

खरा हॅमंड आपल्याला परवडणार नाही आणि एका माणसाला उचलणारही नाही. मी नागपुरातून वापरलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ३८ हजारांना घेतला. घेताना दोन गोष्टी तपासल्या. पहिली, ओढायच्या दांड्या, म्हणजे ड्रॉबार, खरोखरच्या आहेत का. हॅमंडला एका संचात अशा नऊ दांड्या असतात आणि प्रत्येक दांडी एकेक उपस्वर मिसळते. पहिल्या तीन पूर्ण बाहेर आणि बाकीच्या आत ठेवल्या की रॉकचा ओळखीचा आवाज निघतो, तिथून पुढे कानानं शोधत जायचं. दुसरी, पट्टीची पुढची कड गुळगुळीत आहे का. तळहात घसरवत स्वरांचा लोट काढायचा असतो, कड टोकदार असेल तर हात सोलतो. कीबोर्ड आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये एक ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे आवाज फाडणारी डबी, लावा. लॉर्डच्या आवाजाचं अर्धं काम तिथे होतं.

आता ती सुप्रसिद्ध धून. 'स्मोक ऑन द वॉटर' गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण वाजवतो आणि बहुतेक जण एका तारेवर वाजवतात. पांढरी पाचला सा धरा. धून अशी: सा, कोमल ग, म; सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म; सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. पण डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर प्रत्येक सुराबरोबर त्याच्या खालचा चौथा सूरही वाजवतो. साखाली मंद्र प, कोमल गखाली मंद्र कोमल नी, मखाली सा, आणि तीव्र मखाली कोमल रे. दोन्ही तारा तो पिकनं एकामागून एक झोडत नाही, दोन बोटांनी एकदम उचलतो. आवाज फाटलेला असताना तीन-चार सुरांचा भरगच्च कॉर्ड वाजवला की नुसता चिखल होतो, कारण फाटलेला आवाज त्या सुरांमधून आणखी नवे सूर निर्माण करतो. सा आणि म यांचं नातं ३ ला ४ असं साधं असल्यामुळे ते नवे सूरही मुळाशी जुळतात आणि धून दगडासारखी टणक उभी राहते. आमच्या गिटारवाल्यानं हे कळल्यावर जुनी सवय मोडायला दोन महिने घेतले. तोवर आम्ही ते गाणं कार्यक्रमात घेतलंच नाही.

त्याच गाण्यात कोण कधी शिरतो तेही पाहा. आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रमची जोडझांज) आणि ऑर्गन, मग पूर्ण ड्रम, त्यानंतर बास, आणि शेवटी गायक इयान गिलन. सराव करताना आमचा बासवाला अधीर होऊन आधीच शिरायचा आणि सगळी चढण सपाट व्हायची. एकेक वाद्य येताना ऐकणाऱ्याची मान आपोआप वर होते, म्हणून ती वाट पाहणं गाण्याचाच भाग समजा.

कोणत्या काळातला ग्रुप वाजवायचा तेही आधीच ठरवा. डीप पर्पल १९६८ मध्ये सुरू झाला आणि माणसं सतत बदलत गेली. आम्ही १९६९ ते १९७३ चा संच घेतला: गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, बासवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयान पेस. दोन काळ एकाच कार्यक्रमात घेतले की गायकाचा गळा आणि गिटारचा बाज दोन्ही बदलावे लागतात, नव्या बँडला ते झेपत नाही.

माझ्या मते नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक होते ती 'हुबेहूब' या शब्दापायी. 'हायवे स्टार' या गाण्यातला ऑर्गनचा सोलो मी चार महिने घोटला. आवाजाची पट्टी न बदलता वेग कमी करणारं ॲप फोनवर मिळतं, त्यावर निम्म्या वेगानं ऐकून एकेक ओळ सरगममध्ये वहीत उतरवली. तो सोलो मी सुराला सूर वाजवतो, कारण तो बंदिशीसारखा बांधलेला आहे. पण त्याच बँडची १९७२ च्या ऑगस्टमधली जपानमधली रेकॉर्डिंग ऐका. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियो. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं असलेलं 'स्पेस ट्रकिन' तिथे वीस मिनिटांच्या आसपास जातं. गिटार आणि ऑर्गन एकमेकांना सवाल-जवाब करतात, दुसऱ्या रात्री वेगळे सवाल, वेगळे जवाब. त्यातला एका रात्रीचा जवाब पाठ करून तुम्ही दर कार्यक्रमात तोच वाजवला, तर सूर त्यांचेच असतील, पण ते लोक मंचावर जे करत होते ते तुम्ही केलेलं नसेल. मी वहीत प्रत्येक गाण्यापुढे दोन रंगांनी खुणा केल्या आहेत. लाल म्हणजे बांधलेलं, तिथे एक सूरही हलवायचा नाही. हिरवं म्हणजे मोकळं, तिथे त्यांची भाषा बोलायची पण वाक्य आपलं. या खुणा करायला आम्हाला एक वर्ष लागलं. बँडमध्ये खरी भांडणं झाली ती त्यावरूनच, आणि ती व्हायलाच हवी होती.

गायकाबद्दल थोडं. आमचा गायक खंजिरी भजनातला. वरच्या पट्टीत तासभर गाण्याची सवय असल्यामुळे गिलनच्या किंकाळ्यांना तो घाबरला नाही. तरी 'चाइल्ड इन टाइम' आम्ही एक स्वर खाली घेतो. ज्या गाण्यात एवढ्या उंच जागा आहेत ते गळा तापल्याशिवाय घेऊ नका, आणि एका संध्याकाळी दोनदा तर कधीच नाही. इंग्रजी शब्द त्यानं देवनागरीत लिहिले आणि प्रत्येक ओळीचा अर्थ खाली झाडीबोलीत लिहिला. अर्थ कळल्यावर त्याचे उच्चार आपोआप सुधारले. ड्रमर संदलमध्ये ताशा वाजवणारा आहे. वेगाचा त्याला प्रश्न नव्हता, पेससारखं हलक्या हातानं वाजवायला मात्र वेळ लागला. पेस डावखुरा आहे, म्हणून त्याचा व्हिडिओ आरशातल्यासारखा पाहावा लागतो, हे कळेपर्यंत आमचे दोन आठवडे वाया गेले.

सराव आम्ही ओळखीच्या राईस मिलच्या गोदामात करतो. धानाची पोती भरलेली असली की आवाज छान मिटतो, प्रत्येकाचं स्पष्ट ऐकू येतं. उन्हाळ्यात गोदाम रिकामं झालं की टिनाच्या छताखाली नुसता घोंगाट. तेव्हा कोंड्याची पोती मागून घेतो आणि ड्रमच्या मागे रचतो. कोंड्याची धूळ मात्र कीबोर्डात जाते, म्हणून वाजवून झालं की कापड टाका.

विजेचं सांगायलाच हवं. खऱ्या हॅमंडमधली चाकं विजेच्या वारंवारितेशी बांधलेल्या मोटरवर फिरतात. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ. जनरेटर ४८ वर घसरला तर खरा हॅमंड जवळजवळ पाऊण अर्धस्वर उतरेल. आपल्या डिजिटल कीबोर्डाला तो धोका नाही, पण व्होल्टेज पडलं की तो मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. एका गावी गणपतीत असं तीन वेळा झालं. तेव्हापासून कीबोर्डापुरता एक छोटा यूपीएस सोबत असतो. मंचावर पोचल्यावर पहिलं काम अर्थिंग तपासण्याचं. गिटारवाल्याचे ओठ माइकला लागले आणि झटका बसला असं होऊ देऊ नका, ही जिवाची गोष्ट आहे.

साउंडवाल्याशी आधी बसून बोला. एकदा त्यानं ऑर्गन 'मागचा बाजा' समजून जवळपास बंदच ठेवला होता, आणि समोरच्या लोकांनी पूर्ण कार्यक्रम ऑर्गनशिवाय ऐकला. मला शेवटी कळलं, तेव्हा फार वाईट वाटलं. आता मी त्याला कार्यक्रमाआधी फोनवर मूळ गाण्याचे दोन मिनिटं ऐकवतो आणि म्हणतो, "भाऊ, गिटार जेवढी तेवढीच पेटी."

पैशाचं. पहिल्या कार्यक्रमाचे आम्हाला ८ हजार मिळाले, त्यातले साडेतीन हजार गाडीभाड्यात गेले आणि उरलेले पाच जणांत वाटले. एका आयोजकानं तर काहीच दिलं नाही. तेव्हापासून अर्धी रक्कम आधी, आणि तीही लेखी. फक्त या बँडवर पोट भरेल असं मी कोणाला सांगणार नाही. माझं घर नाटकावर आणि क्लासवर चालतं. कार्यक्रम मिळतात ते नागपूरच्या कॅफेंत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला, आणि गावाकडे गणपती आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवसांत मिश्र कार्यक्रमात दोन-तीन गाणी. जाहीर कार्यक्रमात दुसऱ्याची गाणी वाजवायला परवाना लागतो, त्यासाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था आहे. परवाना आयोजकानं काढायचा की बँडनं, हे करारात लिहा. पोस्टरवर 'ट्रिब्यूट' हा शब्द ठळक हवा, मूळ ग्रुपचं बोधचिन्ह नको. रात्री दहानंतर भोंगे बंद, हा नियम आहे, म्हणून मोठं गाणं साडेनऊच्या आत घ्या.

आणि गावात वाजवणार असाल तर गाण्याआधी एक मिनिट बोला. आमच्या भागात गावागावाला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आहे. अशाच एका तलावाच्या पाळीजवळ आमचा मंच होता, समोर दोनेकशे माणसं चटईवर. मी माइकवर सांगितलं, ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रो गावी तलावाकाठच्या कॅसिनोत गाण्याचा कार्यक्रम सुरू होता. मंचावर फ्रँक झप्पा हा अमेरिकन गायक-गिटारवाला होता. कोणीतरी आत फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचं पेटतं बार सोडणारं पिस्तूल, उडवली, छत पेटलं, अख्खी इमारत जळाली. डीप पर्पलचे लोक तिथे रेकॉर्डिंग करायला आले होते, त्यांनी हॉटेलातून तलावावर पसरलेला धूर पाहिला. जागाच गेली, मग हिवाळ्यामुळे रिकाम्या असलेल्या दुसऱ्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून रेकॉर्डिंग केलं, आणि तो पाण्यावरचा धूर 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्यात आला.

मग गिटार सुरू झाली. पहिल्या रांगेतला एक म्हातारा पूर्ण गाणं तलावाकडे तोंड करून बसला होता. संपल्यावर तो मंचाजवळ आला आणि विचारलं, "त्या आगीत लोकं वाचले का गा?"

मी सांगितलं, "वाचले जी, सगळे वाचले."

"मंग वाजवा अजून एक डाव."