अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची 'नऊ'ची घटनादुरुस्ती : समजून घेताना या चुका टाळा

अमेरिकी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी मंडळींना एक उत्तर तोंडपाठ असतं : सुप्रीम कोर्टात नऊ न्यायमूर्ती. पण हा आकडा कुठे लिहिलाय असं विचारलं, की बहुतेक जण पटकन 'राज्यघटनेत' म्हणून मोकळे होतात. तो तिथे नाही. न्यायमूर्तींची संख्या घटनादुरुस्ती करून नऊवर कायम करावी, ही मागणी उभी राहिली ती नेमकी याच कारणाने. मला स्वतःला ही मागणी पटते. म्हणूनच तिच्या बाजूने आणि विरोधात जे काही घाईघाईत बोललं जातं, ते पाहून वाईट वाटतं. नेहमी दिसणाऱ्या चुका इथे मांडतो.

चूक : 'नऊ' हा आकडा घटनाकारांनी ठरवला

अमेरिकी घटनेचं तिसरं कलम 'एक सर्वोच्च न्यायालय' असेल एवढंच म्हणतं. त्यात किती जण बसतील, हे ठरवण्याचं काम काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे सोडलेलं आहे. 1789 च्या कायद्याने सहा न्यायमूर्ती नेमले. 1807 मध्ये सात झाले, 1837 मध्ये नऊ, 1863 मध्ये दहा. 1866 च्या कायद्याने संख्या पुन्हा सातवर आणायचं ठरलं आणि 1869 मध्ये ती नऊवर आली. तेव्हापासून ती हललेली नाही, पण तिला आधार आहे तो एका साध्या कायद्याचाच.

सुरुवातीच्या वाढीमागे राजकारणाइतकाच भूगोलही होता. त्या काळी न्यायमूर्तींना आपापल्या सर्किटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या विभागात, फिरून खटले ऐकावे लागत. देश पश्चिमेकडे पसरला, सर्किटं वाढली, तसे न्यायमूर्तीही वाढले. दहावं पद आलं तेच मुळी कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनसाठीच्या नव्या सर्किटबरोबर. आज संघराज्याची अपील न्यायालयं तेरा आहेत, म्हणून न्यायमूर्तीही तेरा हवेत, असा युक्तिवाद संख्या वाढवू पाहणारे करतात. 2021 मध्ये डेमोक्रॅट सदस्यांनी तेरा न्यायमूर्तींचं विधेयक मांडलंही. पण न्यायमूर्तींनी सर्किटमध्ये फिरणं कधीच थांबलं आहे, त्यामुळे आकडे जुळतात एवढ्यावरून हा मुद्दा मला पुरेसा वाटत नाही.

चूक : भारताचं माप लावणं

'भारतात 34 न्यायमूर्ती, मग अमेरिकेत नऊच का?' हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. आपल्या घटनेच्या 124 व्या कलमात सरन्यायाधीश आणि जास्तीत जास्त सात इतर न्यायाधीश असा आकडा आहे, पण संसदेने कायद्याने मोठी संख्या ठरवेपर्यंतच. ती संख्या वाढत वाढत 2019 मध्ये सरन्यायाधीश धरून 34 झाली. कारण सरळ होतं : तुंबलेले खटले. शिवाय आपलं सर्वोच्च न्यायालय दोन-तीन न्यायाधीशांच्या खंडपीठांत बसतं. 1973 चा केशवानंद भारती खटला तेरा जणांच्या पीठाने ऐकला, पण तसं क्वचितच घडतं.

अमेरिकेत खंडपीठं नाहीत. प्रत्येक खटला सगळे मिळून ऐकतात. तिथे दोन न्यायमूर्ती वाढवले, तर कामाचा वेग वाढण्याऐवजी प्रत्येक निकालातलं बहुमतच बदलू शकतं. म्हणून आपल्याकडे जी प्रशासकीय बाब आहे, ती तिथे सत्तेची बाब होते.

चूक : फक्त वाढीचा धोका पाहणं

ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. न्यायालयाच्या संख्येशी खेळ म्हटलं की सगळ्यांना 1937 आठवतं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी योजना मांडली, की सत्तरी उलटूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा नेमायचा, जास्तीत जास्त सहा. म्हणजे संख्या पंधरापर्यंत गेली असती. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे सुमारे तीन चतुर्थांश सदस्य होते, तरीही योजना बुडाली. विरोधाचं नेतृत्व मोंटानाचे डेमोक्रॅट सिनेटर बर्टन व्हीलर यांनी केलं. 22 जुलै 1937 रोजी सिनेटने 70 विरुद्ध 20 मतांनी विधेयक समितीकडे परत धाडलं. पुढे रूझवेल्टना 1943 पर्यंत आठ नवे न्यायमूर्ती नेमायला मिळाले, ते जुने गेले म्हणून, संख्या वाढवून नव्हे.

पण 1866 आठवा. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि काँग्रेस यांचं वाकडं होतं. काँग्रेसने कायदा केला, की पदं रिकामी होतील तशी ती भरायची नाहीत, सातवर येईपर्यंत. जॉन्सन यांनी एका रिक्त जागेसाठी हेन्री स्टॅनबेरी यांचं नाव पाठवलं होतं, ती जागाच नाहीशी झाली. संपूर्ण कारकिर्दीत जॉन्सन यांना एकही न्यायमूर्ती नेमता आला नाही. ते गेले, ग्रँट आले आणि 1869 मध्ये संख्या पुन्हा नऊ झाली.

म्हणून दुरुस्तीचा मसुदा हातात आला की आधी शब्द पाहा. 'नऊपेक्षा जास्त नसावेत' असं लिहिलं, तर वरचं दार बंद होतं, खालचं उघडं राहतं. 'न्यायालय नऊ न्यायमूर्तींचं असेल' असं लिहिलं, तर दोन्ही बंद होतात. अलीकडच्या प्रस्तावांचा रोख या दुसऱ्या वाक्याकडे आहे आणि माझ्या मते तोच योग्य आहे. मात्र 'नऊ पदं' आणि 'हजर असलेले नऊ जण' यांत फरक आहे. एखादं पद रिकामं असताना दिलेला निकाल वैध ठरेल, हे मसुद्यातच स्पष्ट असलेलं बरं. आजच्या कायद्यात सहा जणांची गणपूर्ती आहे, ती टिकली पाहिजे.

चूक : ही एकाच पक्षाची खेळी आहे असं मानणं

सध्या मागणीचा सूर प्रामुख्याने रिपब्लिकन बाजूने येतो हे खरं. 2019 मध्ये मार्को रुबियो यांनी सिनेटमध्ये अशी दुरुस्ती मांडली. पण 2020 मध्ये प्रतिनिधिगृहात ती मांडणाऱ्यांत मिनेसोटाचे डेमोक्रॅट कॉलिन पीटरसन होते. रूथ बेडर गिन्सबर्ग या उदारमतवादी न्यायमूर्तींनीही नऊ ही संख्या योग्य असल्याचं 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. आणि 1954 मध्ये तर मेरीलँडचे सिनेटर जॉन मार्शल बटलर यांची दुरुस्ती सिनेटमध्ये 58 विरुद्ध 19 मतांनी मंजूरही झाली होती. संख्या नऊ, निवृत्तीचं वय 75, अशा तरतुदी तिच्यात होत्या. 1937 चा ताण स्वतः झेललेले माजी न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स तिच्या बाजूने बोलले होते. प्रतिनिधिगृहात मात्र ती अडकली ती अडकलीच.

चूक : दुरुस्ती झाली की न्यायालय सुरक्षित

नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं, सिनेटने सुनावणीच घेतली नाही. एप्रिल 2017 मध्ये नील गोर्सच येईपर्यंत न्यायालय आठ जणांवर चाललं. घटनेत 'नऊ' लिहिलेलं असतं, तरी हे घडू शकलं असतं. अपिलाचे विषय न्यायालयाच्या कक्षेतून काढून घेण्याची काँग्रेसची ताकदही या दुरुस्तीने जात नाही. 1954 चा मसुदा त्या बाबतीत पुढे गेला होता, आजचे प्रस्ताव तिथवर जात नाहीत.

बातमी वाचताना अडलं तर

'न्यायालयाच्या संख्येवर विधेयक' असा मथळा दिसला की कागदाचं स्वरूप शोधा. संख्या बदलायला साधा कायदा पुरतो : दोन्ही सभागृहांत बहुमत आणि अध्यक्षांची सही. अर्थात सिनेटमध्ये चर्चा थांबवायला सहसा साठ मतं लागतात. घटनादुरुस्ती मात्र संयुक्त ठराव म्हणून येते आणि शीर्षकातच घटनेत दुरुस्ती सुचवत असल्याचं म्हटलेलं असतं. तिला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, मग 50 पैकी 38 राज्यांची मान्यता. तेरा राज्यांनी नकार धरून ठेवला, की ती तिथेच थांबते. अध्यक्षांच्या सहीचा यात काही संबंध नाही, हे सुप्रीम कोर्टानेच 1798 मध्ये सांगितलं आहे.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात मतदार असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. काँग्रेसने दुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवल्याशिवाय राज्याच्या विधिमंडळाला मान्यता द्यायला काही हातात नसतं. त्यामुळे आज स्थानिक आमदाराला 'मान्यता द्या' असं पत्र लिहून उपयोग नाही. आधी पत्र जायला हवं ते वॉशिंग्टनमधल्या आपल्या प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरांना.