प्रभुभोजनाआधीचा आठवडा: स्वतःची तपासणी कशी करावी

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी पाळक आत्मपरीक्षणासाठी शांतता ठेवतात. ती जेमतेम मिनिटभराची असते. तेवढ्यात आपण ‘प्रभू, मी पापी आहे’ म्हणतो आणि रांगेत उभे राहतो. महिनाभराचा हिशोब असा मिनिटात होत नाही. म्हणून हे काम आधीच्या सोमवारी सुरू करावे. रोज वीस मिनिटे पुरतात. एक वही, पेन आणि पवित्र शास्त्र जवळ ठेवा. लिहायचे ते हाताने लिहा, कारण मनातल्या मनात केलेली तपासणी अडचणीच्या जागी हमखास घसरते.

सोमवारी दोन उतारे वाचायचे: प्रकटीकरण 3:14-22 आणि 1 करिंथ 11:17-34. पहिला उतारा लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेले पत्र आहे; ‘तू कोमट आहेस’ असा ठपका त्यात आहे. लावदिकीया हे श्रीमंत गाव होते. इ.स. 60 च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता ते स्वतःच्या बळावर उभे राहिले. ‘मला काही उणे नाही’ हे त्या मंडळीचे वाक्य अशा गावात सहज तोंडी येते. शेजारच्या हिएरापोलिसला कढत पाण्याचे झरे होते आणि कलस्सैला थंड पाणी. एक दुखऱ्या अंगाला उपयोगी, दुसरे तहानेला. कोमट पाण्याचा उपयोग ना याला ना त्याला. म्हणून ‘कोमट’ वाचल्यावर ‘माझा उत्साह कमी झाला का?’ एवढेच विचारून थांबू नका. उत्साह दोन गाण्यांत परत येतो. वहीत पहिला प्रश्न असा लिहा: गेल्या महिन्यात माझ्या विश्वासाचा कोणाला उपयोग झाला? उत्तरात माणसाचे नाव हवे. नाव सुचले नाही तर जागा रिकामी सोडा, ‘सगळ्यांसाठी प्रार्थना केली’ असे लिहून ती भरू नका.

दुसऱ्या उताऱ्यात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीवर चिडला आहे तो जेवणाच्या पंगतीवरून. काही जण आधीच जेवून तृप्त होत होते आणि गरीब भाऊबहीण उपाशी राहत होते. म्हणजे भाकरी अयोग्य रीतीने घेण्याचा प्रश्न शेजारी बसलेल्या माणसाशी जोडलेला आहे. आपल्याकडे तो सोयरीक जुळवताना उघडा पडतो. मुलगा विश्वासू आहे, नोकरी चांगली आहे, सगळे ठरत आलेले असते, आणि मग आवाज खाली आणून विचारले जाते, ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न तुमच्या घरात विचारला गेला असेल तर कोणी, कोणाबद्दल विचारला, ते लिहा. इथे ‘समाजात असे चालते’ हे उत्तर चालत नाही.

नाशिकमध्ये आणखी एक आडोसा आहे, तो वारशाचा. शरणपूरची वस्ती एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या कामातून उभी राहिली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली आणि त्यांतले काही पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या प्रवासात सोबत होते. हा इतिहास मोठा आहे आणि त्याचा अभिमान असावा. पण पणजोबांचा बाप्तिस्मा आपल्या खात्यावर जमा होत नाही. ‘अब्राहाम आमचा बाप आहे’ असे मनाशी म्हणू नका, हे बाप्तिस्मा करणारा योहान जुन्या घराण्यांनाच सांगत होता (मत्तय 3:9). जुन्या घराण्यातले असाल तर वहीत आजोबांचे नाव नको, या वर्षाचे काहीतरी हवे.

मंगळवारी पैसा आणि वेळ. बँकेचे तीन महिन्यांचे स्टेटमेंट काढा, यूपीआयचे व्यवहार पाहा, फोनमधला सात दिवसांचा स्क्रीन टाइम लिहून घ्या. दान, गरजूला दिलेली मदत, उसने घेतलेले आणि न फेडलेले, कामवाल्या मावशींचा कापलेला पगार, हे वेगवेगळे मांडा. दशमांश नेमाने देणारी माणसे इथे बेसावध असतात: दशमांश दिला की उरलेल्या नऊ भागांबद्दल देवाने काही विचारू नये, असे मनात बसलेले असते.

बुधवारी जीभ. उपासनेनंतर गेटपाशी आपण कोणाबद्दल काय बोललो, तेवढे लिहा. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा बरं का’ असे म्हणून सांगितलेली बातमीही चहाडीच असते.

गुरुवार कामात गुंतलेल्यांसाठी आहे: कमिटी, संडे स्कूल, गायनवृंद, महिला संघ. आत्मसंतुष्टपणा रिकाम्या माणसापेक्षा इथे जास्त टिकतो, कारण पुरावा रोज हाताशी असतो. पिंपळगाव-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेतो. तिथे काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे की नाही. पाने कितीही दाट असली तरी तो त्यावर विसंबत नाही. योहान 15 मधला द्राक्षवेलाचा उतारा वाचून तसेच विचारा: हे काम माझ्याकडून काढून घेतले तर मला राग येईल का? आभारात माझे नाव घ्यायचे राहून गेले तर? घरी मी जास्त चिडका झालो आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ आले तर काम सोडायची घाई करू नका, आधी महिनाभर पुढे दिसणार नाही असे एखादे काम घ्या. खुर्च्या लावणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे.

शुक्रवारी दुसऱ्याला विचारायचे. दावीद राजाला स्वतःचे पाप दिसले नाही, ते दाखवायला नाथान संदेष्ट्याला यावे लागले. आपली वाहवा करणारा मित्र निवडू नका. नवरा, बायको, मोठी मुलगी, नाहीतर स्पष्ट बोलणारी आत्या. ‘मी कसा आहे?’ विचारले तर ‘चांगले आहात’ एवढेच ऐकायला मिळेल. ‘माझ्या कोणत्या वागण्याचा तुला त्रास होतो?’ असे विचारा आणि ऐकताना सफाई देऊ नका. पहिले वाक्य ‘पण’ने सुरू झाले की तपासणी तिथेच संपते.

शनिवारी लिहिलेल्यातले एकच घ्या, आणि ते करा. ‘मी कठोर आहे’ हे कबूल करणे सोपे जाते. ‘वाटणीवरून धाकट्या भावाशी दिवाळीपासून बोललो नाही’ हे जड जाते. दुसरेच खरे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूचे सांगणे (मत्तय 5:23-24) फोन उचलण्याइतके प्रत्यक्ष आहे. क्षमा मागताना ‘तुला वाईट वाटले असेल तर’ म्हणू नका. ‘मी हे केले, ते चूक होते, मला क्षमा कर’ एवढे पुरे. पैसे बुडवले असतील तर परत करा. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत द्यायची तयारी येशूसमोर दाखवली होती. समोरचा बोललाच नाही, तर तुमच्याकडून होईल तितके झाले (रोम 12:18), मेजाकडे जा.

कॅथलिक घरांत ही वही पापनिवेदनाआधी कामी येते. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत नवस फेडायला जाणाऱ्यांनीही ती आधी उघडावी: मेणबत्ती लावली की वाद मिटला, असे होत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काही माणसांचे मन आधीच हळवे असते. ती रोज स्वतःला दोषी ठरवतात, झोप उडते. त्यांनी ही वही एकट्याने लिहू नये. त्यांनी 1 योहान 3:20 वाचावे, देव आपल्या मनापेक्षा थोर आहे हे तिथे लिहिले आहे, आणि पाळकांशी बोलावे. झोप उडणे थांबत नसेल तर डॉक्टरांनाही दाखवावे.

बाकीच्यांनी वहीचे पान फाडू नये. पुढच्या महिन्याच्या सोमवारी आधी तेच वाचायचे. तेच नाव, तोच प्रसंग सलग तीन महिने येत असेल तर एकट्याने धडपडण्यात अर्थ नाही. पाळकांना घरी बोलवा, चहा ठेवा आणि वही त्यांच्यासमोर उघडा.