कट्ट आवाजाच्या आधी: वरच्या मानेचं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

आमच्याकडे मान धरली की माणूस आधी सलूनमध्ये जातो. दाढी झाली की न्हावी डोक्यावर दोन थापा मारतो, एक हात हनुवटीला, दुसरा टाळूला, आणि कट्ट. मग दुसऱ्या बाजूला कट्ट. पैसे फक्त दाढीचे. त्यामुळे माझ्याकडे येणारा पेशंट तीच अपेक्षा घेऊन बसतो. "बाय, आवाज होऊक होयो." आवाज झाला नाही तर फी कशाची, हा प्रश्न तो तोंडाने विचारत नाही, पण चेहऱ्यावर दिसतो.

मी फिजिओथेरपिस्ट. सावंतवाडीच्या बाजूला बारा वर्षं काम करते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मानेच्या वरच्या दोन मणक्यांच्या नादात गेली. हल्ली वर्षातून चार-पाच मुलं-मुली विचारतात की मोबाइलवर मान मोडायचे ते व्हिडिओ पाहिले, आम्हालाही कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके हलवायची ती विद्या, शिकायचंय, कोर्स कुठे आहे? दर वेळी तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी रस्ता. भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या विद्येच्या शिक्षणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास धरलेत, आणि त्यातले हजार तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. म्हणजे शनिवार-रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्र घेऊन 'कायरो' अशी पाटी लावणारा या विद्येच्या लोकांच्याही लेखी अर्धवटच. बाहेरदेशी जाऊन शिकायची ऐपत असेल तर जरूर जा. नसेल तर माझा रस्ता सरळ आहे: 'नीट' ही प्रवेश परीक्षा, मग बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, मग राज्याच्या परिषदेत नोंदणी. आमच्या वेळी चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. हाताने सांधे हलवण्याचं शास्त्र त्यातच सुरू होतं. पुढे मेटलंड, मलिगन वगैरे पद्धतींची शिबिरं करता येतात, पण पदवीनंतर. पदवीऐवजी नाही.

आता मणके. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते ज्या पहिल्या मणक्यावर टेकतं तो अ‍ॅटलास. इतर मणक्यांसारखा त्याला मधला भरीव ठोकळा नसतो, नुसतं कडं. कोळणी पाटीखाली डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तशी ही डोक्याखालची चुंबळ. दुसरा मणका अ‍ॅक्सिस. त्यातून एक दात वर येतो आणि अ‍ॅटलासच्या कड्यात पुढच्या बाजूला बसतो. जात्याच्या खालच्या तळीतल्या खुंट्याभोवती वरची तळी फिरते, तसं हे कडं त्या दाताभोवती फिरतं. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एकाच जागी होतं. दात जागेवर राहतो तो एका आडव्या अस्थिबंधामुळे, आणि त्या दाताच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो. दोन्ही बाजूंना मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या वर चढतात आणि अ‍ॅटलासच्या माथ्यावर वळसा घेतात. एवढ्याशा जागेत एवढी गर्दी. न्हाव्याला हे ठाऊक नसतं, आपल्याला ठाऊक असायलाच हवं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण भुरळ तिथेच पडते. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी एका सफाई कामगाराच्या पाठीचा मणका ढकलला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी कायरोप्रॅक्टिकच्या जन्माची कथा आहे. त्यांचा मुलगा बी. जे. याने १९३०च्या दशकात सगळा भर अ‍ॅटलासवर आणला. अ‍ॅटलास जागेवर आला की शरीर आपलं आपण सावरतं, असं त्याचं म्हणणं. त्यातून पुढे नुक्का, ब्लेअर, अ‍ॅटलास ऑर्थोगोनल अशा शाखा फुटल्या. हे सगळं मी शिकले ते गोव्यात. परदेशात शिकून आलेले एक सर तिथे बसायचे. दीड वर्ष दर रविवारी बांद्यावरून स्कूटरने जायचे आणि पावसाळ्यात पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत लाल व्हायचे.

त्यांची तपासणी बघण्यासारखी होती. पेशंटला उताणं झोपवून दोन्ही टाचा जुळवून पायांची लांबी बघायची. मानेच्या दोन्ही बाजूंच्या कातडीचं तापमान यंत्राने मोजायचं. मग एक्स-रे: बाजूने, समोरून आणि डोक्याच्या माथ्यावरून. त्यावर रेघा मारून अ‍ॅटलास किती अंश कुठे कललाय याचा हिशेब आणि त्यावरून ढकलायची दिशा. पेशंटला कुशीवर झोपवायचं, डोक्याखाली किंचित खाली पडणारी उशी. अंगठ्याच्या बाजूचा नव्हे, करंगळीच्या बाजूचा मनगटाजवळचा छोटा उंचवटा अ‍ॅटलासच्या आडव्या टोकावर ठेवायचा आणि एक झटका: आत, आणि तितक्याच वेगाने हात मागे. याला टॉगल रिकॉइल म्हणतात. मान पिळायची नाही. नुक्कात तर झटकाही नसतो. इतका हलका दाब की पेशंट विचारतो, झालं का? त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं आणि मग पुन्हा पाय बघायचे.

मला यातलं काय पटलं आणि काय नाही, ते उघड सांगते. सरांच्या हाताचा नेमकेपणा पटला. मान न पिळता काम होतं, हे पटलं. पायांची लांबी हा पुरावा पटला नाही. एकाच पेशंटचे पाय मी आणि त्यांच्या सहायकाने पाठोपाठ बघितले आणि उत्तरं वेगळी आली, असं माझ्यासमोर कितीदा तरी झालं. फक्त मान दुखते म्हणून तीन-तीन एक्स-रे काढणंही पटलं नाही. आणि अ‍ॅटलास सरळ केला की रक्तदाबापासून पित्तापर्यंत सगळं जातं, हे तर मुळीच नाही. २००७चा पन्नास पेशंटांचा एक छोटा अभ्यास आहे, त्यात नुक्काने रक्तदाब उतरल्याचं दिसलं होतं. तेवढ्या बळावर कोणाची बीपीची गोळी बंद करायला सांगू नका. माझ्या बापाची गोळी मी बंद केली नाही.

आता खरा धडा. सुरुवातीचे तीन महिने मी अ‍ॅटलास समजून अ‍ॅक्सिस दाबत होते. लाज वाटते, पण नव्यांपैकी बहुतेकांचं हेच होतं. कवटीच्या खाली मधोमध बोट सरकवलं की जो पहिला ठसठशीत उंचवटा लागतो, तो दुसऱ्या मणक्याचा. अ‍ॅटलासला मागे काटा नसतोच. तो सापडतो बाजूला, कानामागचं हाड आणि जबड्याचा कोन यांच्या मधल्या खोबणीत. बोटाला तो बारीक, कठीण लागतो आणि निरोगी माणसालाही दुखतो, म्हणून हळू. सवयीसाठी डोक्याचा एक केस भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयाच्या पानाखाली ठेवा आणि डोळे मिटून बोटाने शोधा. सापडला की वर आणखी एक पान. मी सहा पानांपर्यंत गेले. माझी एक मैत्रीण नऊपर्यंत गेली, आणि ती आता बँकेत आहे.

हात लावण्याआधी विचारायचं आणि बघायचं. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना किंवा गिळताना अडखळणं, उभ्या उभ्या कोसळणं, तोंडाभोवती बधिरपणा, चालताना झोक जाणं. यातलं एकही असेल तर हात मागे. 'असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं' हे वाक्य कानावर आलं की थांबा. एका डोळ्याची पापणी ओघळलेली आणि बाहुली बारीक दिसली तर त्याच क्षणी बांबोळीला, गोव्यातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, पाठवा. मानेतली धमनी आतून फाटल्याची ती खूण असू शकते. पडल्या-झडल्याच्या पेशंटसाठी २००१चा कॅनडाचा नियम पाठ करा. वय ६५ किंवा वर, तीन फूट किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, हातापायांना मुंग्या, यातलं काही असेल तर आधी एक्स-रे. कोकणात याचा अर्थ एवढाच की आंब्याच्या कलमावरून पडलेला माणूस स्वतः चालत आला तरी त्याची मान तपासायला वळवायची नाही.

हे सगळं पाठ असूनही मी चुकले. साठीची एक बाई, मासे विकणारी. डोकं मागून दुखतं, मान वळत नाही. सगळे प्रश्न विचारले, उत्तरं स्वच्छ. मी हलक्या हाताने मान धरून पाहिली, अगदी वरवर. ती म्हणाली, "तुज्या बोटांत जोर नाय गो." उद्या थोडं जोराने करू, असं मी मनात म्हटलं. मग तिने पैसे द्यायला पदराची गाठ सोडायला घेतली आणि ती सुटेना. बोटं करंगळीकडे कललेली, सांधे सुजलेले. संधिवात, रूमॅटॉइड जातीचा, वीस वर्षांचा. मी 'बीपी, शुगर' विचारलं होतं, सांध्यांचं विचारलंच नव्हतं. आणि मासे सोलून हात असेच होतात, असं तिचं ठाम मत.

या संधिवातात तो आडवा अस्थिबंध सैल होऊ शकतो. मग दात मागे सरकतो. तिला पुन्हा बसवलं नाही, तपासलं नाही, सरळ मान वाकवून आणि ताठ करून असे एक्स-रे काढायला पाठवलं. मोठ्या माणसात अ‍ॅटलासची कमान आणि दात यांच्यातलं अंतर तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये. तिचं गेलं होतं, मान वाकवल्यावर बरंच. ती पुढे हाडांच्या सर्जनकडे गेली. मी त्या रात्री जेवले नाही. तेव्हापासून पेशंट दारातून आत येतो तेव्हा मी आधी त्याचे हात बघते.

शार्प-पर्सर चाचणी याच सैलपणासाठी असते. पेशंट बसलेला, मान किंचित पुढे, एका हाताच्या चिमटीत अ‍ॅक्सिसचा काटा, दुसरा तळवा कपाळावर, आणि कपाळ हलकेच मागे. सरकल्याचं जाणवलं किंवा लक्षणं कमी झाली तर पॉझिटिव्ह. वर्गात एकमेकांवर करा. पण ज्याच्याबद्दल आधीच शंका आहे त्याच्यावर हौस म्हणून करू नका, एक्स-रे करा.

शंका काही नसेल तर माझी सर्वांत कामाची चाचणी साधी आहे. उताणं झोपवून हनुवटी छातीला पूर्ण टेकवायची, म्हणजे खालचे मणके बांधले जातात. मग डोकं वळवायचं. जे वळतं ते वरच्या जोडीचं. साधारण ४४ अंश वळायला हवं. एका बाजूला ३२च्या आसपास किंवा खाली अडकलं, आणि डोकेदुखी त्याच बाजूची असेल, तर दुखण्याचं मूळ मानेत असण्याची शक्यता वाढते. आंब्याच्या हंगामात हे फार दिसतं. दिवसभर झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन वर बघणारी माणसं एप्रिलअखेर मान पाडून येतात. शिमग्यानंतर पालखी नाचवलेले येतात, त्यांची मान बहुधा एकाच बाजूची.

उपचारात मी झटका क्वचितच देते. बहुतेकांना लयीत हलवणं पुरतं. मेटलंडच्या भाषेत तिसरी-चौथी ग्रेड. पाचवी म्हणजे झटका. आवाजाबद्दलही सांगते. २०१५ मध्ये कॅनडात बोट मोडताना एमआरआय काढला, तेव्हा सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. कट्ट म्हणजे हाड जागेवर बसलं असं नव्हे. घरी करायला पंच्याचा काठ देते: काठ कवटीखालच्या घळीत, एक टोक छातीशी धरायचं, दुसरं गालावरून पुढे आडवं ओढत मान अडलेल्या बाजूला वळवायची, न दुखता. दिवसातून दोनदा. सोबत मानेच्या खोल स्नायूंचा व्यायाम. मानेखाली बीपीच्या यंत्राची पिशवी २० वर फुगवून होकार दिल्यासारखी हनुवटी हलवायची, काटा २२, २४ करत ३०पर्यंत न्यायचा आणि प्रत्येक पायरीवर दहा सेकंद थांबायचं. कोणाला आवडत नाही हा व्यायाम. पण टिकतो तो फरक यानेच.

पैशाचं विचाराल तर पहिली तीन वर्षं घरून डबा आणि घरातच दवाखाना, असं धरून चाला. गणपतीत चाकरमानी रात्रभर बसून येतात तेव्हा पाच दिवस श्वास घ्यायला फुरसत नसते. आषाढात दिवसाला दोन पेशंट, तेही एसटी वेळेवर आली तर. झटक्याचा व्हिडिओ टाकला तर गर्दी होईल, हे मला माहीत आहे. मी टाकलेला नाही. गावातला न्हावी आता माझ्याकडे पेशंट पाठवतो, कारण एका वर्षी त्याचीच मान धरली होती आणि त्याची मान मोडायला दुसरा कोणी नव्हता.

बघायला यायचं असेल तर आठवडा बाजाराच्या दिवशी या, त्या दिवशी कोळणी येतात. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. आणि येताना नखं कापून या.